नवशिक्या फोटोग्राफरनं कोणतं सॉफ्टवेअर घ्यावं? आणि प्लगइन कधी?



"सर, पोराला कॅमेरा तर घेऊन दिला. आता म्हणतोय फोटोशॉप पाहिजे, त्याला भारीतला कॉम्प्युटर पाहिजे, आन् वरनं कसले तरी प्लगइन पाहिजेत. समदं मिळून कितीला पडंल?"

दहावी-बारावीची परीक्षा संपून लग्नसराई लागली की हा प्रश्न दर वर्षी एखादा तरी पालक विचारतोच. पोरगा तालुक्याच्या स्टुडिओवाल्याबरोबर लाइट धरायला म्हणून जातो, चार लग्नं बघतो आणि घरी येऊन यादी सांगतो. पालकांना त्यातलं काही कळत नाही. दुकानदार तर यादी अजून वाढवतो. मग कर्ज काढून घेतलेल्या कॅमेऱ्यावर आणखी एक कर्ज चढतं.

माझं उत्तर आधीच सांगून टाकतो. पहिले सहा महिने सॉफ्टवेअरला एक रुपयाही लागत नाही. प्लगइनला तर नाहीच. असं का, ते नीट समजून घेऊ, म्हणजे तुम्हाला पोराशी आणि दुकानदाराशी, दोघांशीही बोलता येईल.

सॉफ्टवेअर नेमकं करतं काय?

आपल्या धाराशिव जिल्ह्यातल्या तीन जागा घेऊ. पोरांची सहल तिथं जातेच.

पहिली नळदुर्गचा किल्ला. पावसाळ्यात बोरी नदीला पाणी आलं की किल्ल्यातल्या बंधाऱ्यावरून नर-मादी धबधबे कोसळतात. पाणी पांढरंशुभ्र, भिंतीचा दगड काळा, वर ढगांतून उजळलेलं आकाश. आपला डोळा हे सगळं एकदम बघतो, कॅमेऱ्याला ते झेपत नाही. दगड दिसावा म्हणून प्रकाश वाढवला की पाणी पांढराफटक पडदा होतो, पाणी सांभाळलं तर पाणीमहालाची भिंत काळीठिक्कर पडते. सॉफ्टवेअरमध्ये 'हायलाइट' नावाचा स्लायडर खाली ओढला की उजळ भाग दबतो, 'शॅडो' वर नेला की काळोखातला दगड उघडतो.

इथंच एक गोष्ट पोरांना फळ्यावर काढून दाखवा. साध्या जेपेग फोटोत प्रत्येक रंगाच्या काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत २५६ पायऱ्या असतात. कॅमेऱ्याच्या रॉ फाइलमध्ये १२ बिटला ४,०९६ आणि १४ बिटला १६,३८४ पायऱ्या असतात. म्हणून रॉ फाइल ताणली तर फाटत नाही, जेपेग ताणला की आकाशात पट्टे दिसू लागतात. पण दोन्हींत जे पाणी शेवटच्या पायरीवर जाऊन नुसतं पांढरं झालं, ते कोणतंच सॉफ्टवेअर परत आणत नाही. फुकटचं नाही आणि महागडंही नाही. त्यामुळे 'सॉफ्टवेअर भारी असलं की फोटो सुधारतो' हे अर्धंच खरं आहे.

दुसरी जागा धाराशिवची लेणी. जेम्स बर्जेस यांच्या १८७८ साली छापलेल्या पुरातत्त्व अहवालात या लेण्यांची नोंद आहे. आत अंधार. मोबाइल किंवा कॅमेरा आपणहून आयएसओ वाढवतो आणि फोटोत रव्यासारखे दाणे येतात. दाणे घालवायचा स्लायडर बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये आहे. पोरं तो शेवटपर्यंत ओढतात आणि दाण्यांबरोबर दगडावरच्या छिन्नीच्या खुणाही पुसल्या जातात. लेणं प्लास्टिकचं दिसायला लागतं. थोडे दाणे राहिले तर राहू द्यावेत.

तिसरी जागा तेर. संत गोरोबाकाकांचं गाव, जुनं तगर. तिथलं त्रिविक्रम मंदिर विटांचं आहे आणि रामलिंगप्पा लामतुरे यांच्या संग्रहातून उभ्या राहिलेल्या संग्रहालयात भाजक्या मातीच्या वस्तू आहेत. विटेचा आणि मातीचा रंग फोटोत खरा यायला हवा. ट्यूबलाइटखाली तोच रंग हिरवट येतो, जुन्या पिवळ्या बल्बखाली नारिंगी. याला उपाय 'व्हाइट बॅलन्स'. परवानगी घेऊन फोटो काढताना पहिल्या फोटोत वस्तूशेजारी एक पांढरा कागद ठेवा. नंतर सॉफ्टवेअरमधलं ड्रॉपरसारखं चिन्ह घेऊन त्या कागदावर टिचकी मारा, सगळा रंग जागेवर येतो. तीच दुरुस्ती बाकीच्या फोटोंना लावायची. मंदिराचा फोटो खालून काढला की भिंती आत झुकलेल्या दिसतात. त्या सरळ करायला 'पर्स्पेक्टिव्ह' असतं.

उजेड, दाणे, रंग आणि सरळपणा ही चार कामं झाली. फोटोतून नको ती वायर किंवा कचऱ्याची पिशवी काढणं हे पाचवं. नवशिक्याला पहिल्या वर्षी याच्या पलीकडे फारसं लागत नाही, आणि ही पाचही कामं फुकटच्या सॉफ्टवेअरमध्ये होतात.

सुरुवात मोबाइलवरच

कॅमेरा असो नसो, हात बसवायला स्नॅपसीड घ्या. फुकट आहे, जाहिराती नाहीत. वर सांगितलेली बहुतेक कामं त्यात होतात. मला सगळ्यात आवडतं ते त्यातलं 'सिलेक्टिव्ह'. चेहऱ्यावर बोट ठेवून एक ठिपका लावायचा आणि तेवढ्याच भागाचा उजेड कमी-जास्त करायचा. केलेल्या दुरुस्त्या पायरीपायरीनं दिसतात, मधली एखादी पायरी मागे जाऊन बदलता येते. गणितात कच्चं काम खोडायचं नाही असं आपण सांगतो ना, तसंच हे.

कोणतंही सॉफ्टवेअर निवडताना मी हीच पहिली परीक्षा लावतो: मूळ फोटो शाबूत राहतो का? ही अक्कल मला महागात आली. स्नेहसंमेलनाचा गट-फोटो होता. अहवालाच्या पानात बसावा म्हणून मी तो कडेनं कापला आणि घाईत त्याच नावानं सेव्ह केला. डाव्या कडेची दोन पोरं गेली. मोबाइलमधला फोटो जागा होत नाही म्हणून मी आधीच पुसला होता. वर्षभरानं त्यातल्या एकाचे वडील तो फोटो मागायला आले, तेव्हा माझ्याकडे त्यांना दाखवायला पोराशिवायचा फोटो होता.

तेव्हापासून नियम केला. मूळ फोटोंचं फोल्डर वेगळं, त्याला हात लावायचा नाही. दुरुस्ती नेहमी प्रतीवर, आणि प्रतीच्या नावात तारीख. आणि एक, मूळ फोटो म्हणून व्हॉट्सअॅपवर आलेला फोटो धरू नका. तिथं साधा पाठवलेला फोटो आकसून येतो. 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवायला सांगा किंवा सरळ केबल लावा.

कॉम्प्युटरवर जाताना

आता कॅमेरेवाल्या पोराची गोष्ट. आधी बघा कॅमेरा कोणत्या कंपनीचा आहे. कॅननचं डिजिटल फोटो प्रोफेशनल, निकॉनचं एनएक्स स्टुडिओ, सोनीचं इमेजिंग एज, ही त्या-त्या कंपन्यांची सॉफ्टवेअर त्यांच्या कॅमेऱ्यांच्या रॉ फाइलसाठी फुकट मिळतात. कॅमेऱ्याच्या किमतीतच ती आली असं समजा. दुकानात हे बहुधा कोणी सांगत नाही, कारण त्यात विकण्यासारखं काही नाही.

त्याच्या पुढचं हवं असेल तर डार्कटेबल आणि रॉथेरपी ही दोन मुक्त सॉफ्टवेअर आहेत. मुक्त म्हणजे नुसती फुकट नव्हेत, त्यांचा आतला कोडही कोणालाही बघता-बदलता येतो. दोन्ही मूळ रॉ फाइलला हात लावत नाहीत, केलेल्या दुरुस्त्यांची नोंद शेजारच्या एका छोट्या फाइलमध्ये ठेवतात. डार्कटेबल सुरुवातीला अवघड वाटतं, हे कबूल करतो. रॉथेरपी मला शिकवायला सोपं गेलं. मशीनमध्ये ८ जीबी रॅम नसेल तर डार्कटेबल रखडतं, शाळेच्या जुन्या लॅबमध्ये त्याच्या नादी लागू नका.

कापाकापी, जोडाजोडी, लेअर, बॅनर यासाठी जिंप. अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठात शिकणाऱ्या स्पेन्सर किंबॉल आणि पीटर मॅटिस या दोघांनी १९९५ मध्ये ते सुरू केलं. विद्यार्थ्यांना हे आवर्जून सांगावं. जुन्या मशीनवरही चालतं. एक सवय मात्र लावावी लागते. जिंपमध्ये 'सेव्ह' केलं की त्याची स्वतःची एक्ससीएफ फाइल बनते, जेपेग हवा असेल तर 'एक्स्पोर्ट' करावं लागतं. पोरं सुरुवातीला वैतागतात, पण यामुळेच चुकून मूळ फोटोवर सेव्ह होत नाही.

एक्स्पोर्ट करताना 'क्वालिटी'चा स्लायडर दिसतो आणि प्रीव्ह्यू चालू केला की फाइल किती केबीची होईल ते तिथंच दिसतं. परीक्षांचे अर्ज भरणाऱ्या प्रत्येक घराला हे ठाऊक हवं. बँकभरतीच्या आयबीपीएसच्या अर्जाला फोटो २० ते ५० केबीचा लागतो, सही १० ते २० केबीची. त्यासाठी दर वेळी सायबर कॅफेत पैसे मोजायची गरज नाही.

काही इन्स्टॉल करायचं नसेल तर ब्राउझरमध्ये चालणारं फोटोपी आहे. दिसायला जवळपास फोटोशॉपसारखं, फोटोशॉपच्या पीएसडी फाइलही उघडतं. त्यात उघडलेला फोटो आपल्याच कॉम्प्युटरवर राहतो, कुठं पाठवला जात नाही. जाहिराती दिसतात, तेवढं चालवून घ्यायचं.

मग फोटोशॉप?

फोटोशॉप वाईट नाही. टॉमस आणि जॉन नोल या भावांनी लिहिलेलं हे सॉफ्टवेअर १९९० मध्ये बाजारात आलं, आणि आज छापखान्यापासून लग्नाच्या अल्बमपर्यंत तेच चालतं. पोराला स्टुडिओत कामाला लागायचं असेल तर ते कधीतरी शिकावंच लागेल. पण ते तिथं, स्टुडिओच्या मशीनवर शिकता येतं. लेअर, मास्क, कर्व्ह या कल्पना जिंपमध्ये आणि फोटोशॉपमध्ये सारख्याच आहेत. बटणांच्या जागा तेवढ्या वेगळ्या. सायकल येणाऱ्याला मोटरसायकलचा तोल वेगळा शिकवावा लागत नाही, तसं.

पालकांनी एक लक्षात घ्या. २०१३ मध्ये अडोबी कंपनीनं जाहीर केलं की यापुढची फोटोशॉप वर्गणीवर मिळतील. म्हणजे एकदा विकत घेतलं आणि झालं, असं नाही. हप्ता थांबला की फोटोशॉप थांबतं. लाइटरूम क्लासिकमध्ये वर्गणी संपल्यावर फोटो बघता येतात, बाहेर काढता येतात, पण दुरुस्तीचा विभाग बंद होतो. ज्याच्या हातात अजून महिन्याचं काम नाही, त्यानं महिन्याचा खर्च अंगावर घेऊ नये. लग्नाच्या ऑर्डरी येऊ लागल्या, तर त्यातून तो खर्च निघतो. तेव्हा खुशाल घ्यावं.

आणि आता तो विषय, ज्यावर सगळे गप्प बसतात. "सर, पेनड्राइव्हमध्ये फुल व्हर्जन आहे, टाकून देऊ का?" हे फुल व्हर्जन म्हणजे क्रॅक. चोरीचं. ते टाकताना आधी अँटिव्हायरस बंद करायला सांगतात, यातच सगळं आलं. त्याच मशीनवर घरातली बँकेची कामं होतात, शाळेच्या मशीनवर विद्यार्थ्यांची माहिती असते. कायद्याचंही सांगतो. कॉपीराइट कायदा १९५७ च्या कलम ६३-ब प्रमाणे, चोरीची प्रत आहे हे माहीत असून ती कॉम्प्युटरवर वापरली तर ७ दिवसांपासून ३ वर्षांपर्यंत कैद आणि ५० हजार ते २ लाखांपर्यंत दंड आहे. धंद्यासाठी वापर नसेल तर न्यायालय कैद माफ करून ५० हजारांपर्यंत दंडावर सोडू शकतं. फुकटचं चांगलं सॉफ्टवेअर समोर असताना शाळेनं मुलांना चोरीच्या मशीनवर शिकवावं, हे मला पटत नाही.

प्लगइन: कामाचं नाव सांग, मग घे

प्लगइन म्हणजे मूळ सॉफ्टवेअरला वरून लावलेला जोड. ट्रॅक्टरला जसा नांगर, रोटाव्हेटर किंवा पेरणीयंत्र लावतो तसा. आता कोणी शेतकरी ट्रॅक्टर घेतल्या दिवशी सगळी अवजारं घेत नाही. रान कोणतं, पीक कोणतं, ते बघून घेतो. पोरं मात्र यूट्यूबवर 'टॉप १० प्लगइन' बघून दहाच्या दहा टाकतात.

माझा एकच प्रश्न असतो. हे प्लगइन नसल्यामुळे तुझं कोणतं काम अडलंय? 'फोटो भारी दिसतो' हे काम नव्हे. 'पाणीमहालाच्या फोटोत आडवी आलेली वायर काढायची आहे, आणि जिंपच्या हील टूलनं तिथं डाग पडतोय' हे काम. त्यासाठी जिंपला रिसिंथेसायझर नावाचं प्लगइन आहे, ते आजूबाजूच्या दगडाचा पोत बघून जागा भरतं. 'मला एकाच फोटोवर बरेच परिणाम करून बघायचे आहेत' असं म्हणणाऱ्याला जीमिक आहे, त्यात शेकडो फिल्टर आहेत. दोन्ही फुकट आहेत. पण जीमिक मी पहिल्या महिन्यात देत नाही. शेकडो फिल्टर समोर असले की पोरगं फोटो बघायचंच सोडून देतं.

जोड दुसऱ्याच्या हातात असतो, हेही कळायला हवं. याचं उत्तम उदाहरण निक कलेक्शनचं. कृष्णधवल फोटो, दाणे काढणं, ठिपका लावून उजेड बदलणं अशा कामांची ही प्लगइन फोटोग्राफर पैसे मोजून घेत. निक कंपनीनंच २०११ मध्ये स्नॅपसीड काढलं, आणि आपण वर बघितलेला तो ठिपका या प्लगइनमधल्या ठिपक्याचाच भाऊ. २०१२ मध्ये गूगलनं निक विकत घेतली. मार्च २०१६ मध्ये ही सगळी प्लगइन फुकट केली. जगभर लोकांनी उतरवून घेतली आणि त्यांवर आपली कामाची पद्धत बसवली. मग गूगलनं त्यांचा पुढचा विकास थांबवला. २०१७ मध्ये डीएक्सओ या फ्रेंच कंपनीनं ती घेतली आणि पुढच्या आवृत्त्या परत विकत झाल्या. यात कोणी फसवलं असं नाही. पण एकच गोष्ट काही वर्षांत महाग, स्वस्त, फुकट आणि परत विकत झाली, आणि वापरणाऱ्याला कोणी विचारलं नाही.

मुक्त सॉफ्टवेअरमध्येही असं होतं, वेगळ्या कारणानं. मार्च २०२५ मध्ये जिंपची ३.० आवृत्ती आली. तिनं पायथनची जुनी दुसरी आवृत्ती सोडून तिसरी घेतली, त्यामुळे जुन्या पद्धतीनं लिहिलेली प्लगइन नव्या जिंपमध्ये तशीच्या तशी चालत नाहीत. ज्याला उजेड, कर्व्ह, मास्क हाताने येतात, त्याचं फारसं बिघडलं नाही. ज्याचा सगळा फोटो एका बटणावर उभा होता, तो बसला.

प्रीसेट आणि 'पीएसडी'चंही इथंच सांगतो. प्रीसेट म्हणजे दुसऱ्यानं त्याच्या फोटोसाठी लावून ठेवलेले स्लायडर. हॉलच्या एलईडी लाइटसाठी बनवलेला प्रीसेट आपल्या रखरखीत दुपारच्या मांडवात लावला तर हळदीचा पिवळा शेंदरी होतो. शिकायला म्हणून उघडून बघावा, कोणता स्लायडर किती सरकवलाय ते वहीत लिहावं. लग्नाच्या करिझ्मा अल्बमसाठी १२ बाय ३६ इंची तयार पीएसडी मिळतात. ३०० डीपीआयला त्यातलं एक पान ३,६०० गुणिले १०,८०० पिक्सेलचं, म्हणजे जवळपास ३ कोटी ८९ लाख ठिपक्यांचं होतं. त्यावर पाच-दहा लेअर चढले की साधं मशीन मान टाकतं. गणिताच्या तासाला हा गुणाकार द्या, पोरं आवडीनं करतात. आणि 'भारीतला कॉम्प्युटर' नेमका कधी लागतो तेही त्यांना कळतं: अल्बमचं काम हातात आल्यावर.

मराठी अक्षरं मोडतात त्याचं काय?

हा मुद्दा इंग्रजी व्हिडिओत कधीच येत नाही, आणि आपलं निम्मं काम इथंच असतं. फोटोवर नाव टाकायचं, स्वागताचा बॅनर, प्रशस्तिपत्र. जुन्या फोटोशॉपमध्ये युनिकोड मराठी टाकलं की ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या भलत्याच बाजूला जाते, 'विद्यार्थी'मधलं जोडाक्षर सुटं होतं, 'र्थी'वरचा रफार हरवतो. मधल्या आवृत्त्यांत प्रेफरन्सेसमधल्या 'टाइप'मध्ये जाऊन 'मिडल ईस्टर्न अँड साउथ एशियन' हा पर्याय निवडला आणि परिच्छेदाला 'वर्ल्ड-रेडी लेआउट' लावला की अक्षरं जुळतात. कितीतरी जण यामुळे 'फोटोशॉपला मराठी येत नाही' म्हणून बसले होते.

फ्लेक्सच्या दुकानांनी यावर श्रीलिपी, कृतिदेव अशा जुन्या फॉन्टची वाट काढली. दिसायला सुबक, पण आत मराठी नसतंच. इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी आकार बसवलेले असतात. ती फाइल दुसऱ्या मशीनवर उघडली आणि तिथं तो फॉन्ट नसला की तुमच्या मुख्याध्यापकांच्या नावाच्या जागी इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते. जिंप आणि इंकस्केपमध्ये युनिकोड मराठी काही न करता नीट येतं. फॉन्ट म्हणून मुंबईच्या एक टाइपनं केलेले मुक्त परवान्याचे मुक्त आणि बलू घ्या, बॅनरला दोन्ही चांगले दिसतात. सॉफ्टवेअर तपासताना मी नेहमी एकच ओळ टाइप करून बघतो: 'श्री तुळजाभवानी, विद्यार्थ्यांच्या कार्यक्रमाचे उद्घाटन'. ही ओळ धड आली तर बाकीचं येतं.

गोरं करा

शेवटी जे सांगायचंय ते बटणांबद्दल नाही. एका विद्यार्थिनीचा अर्जासाठी फोटो काढला. मोबाइलमध्ये 'ब्यूटी' चालू होतं, माझ्या लक्षात आलं नाही. फोटोत ती दोन छटा गोरी आली, गाल गुळगुळीत, भुवईशेजारचा व्रण गायब. ती म्हणाली, "सर, ही मी वाटत नाही." आई शेजारी होती. आई म्हणाली, "असू द्या की, चांगली दिसतीय." मुलीनं ते ऐकलं. मी ब्यूटी बंद करून दुसरा फोटो काढला आणि तोच अर्जाला लावला.

स्टुडिओत शिकणाऱ्या पोराला 'जरा गोरं करा' हे वाक्य रोज ऐकावं लागणार आहे, लग्नाच्या बायोडाट्याच्या फोटोला तर हमखास. त्याला यातला तांत्रिक फरक आधीच शिकवा. कॅमेरा सगळं दृश्य मध्यम करड्या उजेडाचं आहे असं धरून चालतो. मागे पांढरी भिंत किंवा उन्हाचं आकाश असलं की तो सगळा फोटो दाबतो आणि सावळा चेहरा आहे त्याहून काळा येतो. तो उजेड चेहऱ्याला परत देणं ही दुरुस्ती आहे, आणि ती केलीच पाहिजे. माणसाला खिडकीकडे तोंड करून बसवलं तर सॉफ्टवेअरचीही गरज पडत नाही. पण चेहरा गोरा आणि हात-मान सावळी अशी झाली की समजायचं, आपण पुढे गेलो. फोटो दाखवताना मी पोरांना आधी हात बघायला सांगतो.

आकाश बदलणाऱ्या आणि चेहरा 'सुधारणाऱ्या' एआयच्या जोडांचंही तेच. नळदुर्गच्या बुरुजामागे कुठलं तरी जांभळं आकाश बसवलं तर बुरुजाची सावली एकीकडे आणि सूर्य दुसरीकडे, हे सातवीतलं पोरगंही ओळखतं. इतिहासाच्या प्रकल्पात तर हे नकोच. शिवाय यातले बरेच जोड फोटो आपल्या मशीनवरून उचलून दूरच्या सर्व्हरवर पाठवतात. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यानं १८ वर्षांखालच्या मुलांच्या माहितीसाठी पालकांची पडताळता येईल अशी संमती मागितली आहे. वर्गाचा फोटो अशा ठिकाणी टाकण्याआधी शिक्षकांनी थांबावं.

तर त्या पालकांना मी काय सांगितलं? पोराला एक वही घ्यायला लावली. स्वतः काढलेले तीन फोटो ठरवायचे, एक उन्हातला, एक अंधारातला, एक माणसाचा. तेच तीन फोटो स्नॅपसीडमध्ये, कॅमेरा कंपनीच्या सॉफ्टवेअरमध्ये आणि जिंपमध्ये दुरुस्त करायचे, दर पंधरा दिवसांनी पुन्हा पहिल्यापासून. काय केलं ते पुढच्या पानांवर लिहायचं. वहीच्या शेवटच्या पानावर फक्त 'अडलेलं काम' लिहायचं, तारखेसह. सहा महिन्यांनी ते पान घेऊन या, म्हणालो, मग काय घ्यायचं ते त्यावरून बघू. पान कोरंच राहिलं तर सॉफ्टवेअरचे पैसे तिपाईला, म्हणजे ट्रायपॉडला घाला. लेण्यात त्याचाच जास्त उपयोग होतो.